पहिला चेहरा

टोपी काढून खुर्चीतून उठला की नवा माणूस पहिलं वाक्य बहुधा एकच बोलायचा.

"काय हेमाताई, घरी सगळे बरे ना?"

"बरे आहेत," हेमलता बच्छाव म्हणायच्या.

घरी सगळे म्हणजे आता त्या एकट्याच होत्या, आणि त्या बऱ्या होत्या. तेव्हा उत्तरात खोटं काही नव्हतं. यजमान गेले त्याला तीनेक वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं, कारण कोणी विचारलं नव्हतं. ज्या माणसाला आपण वर्षानुवर्षं ओळखतो त्याला असलं काय विचारायचं?

ओळख अर्थात सकाळी दहाची असे.

ऑफिस नाशिकच्या अंबड भागात होतं आणि काम लिफ्टचं होतं. लिफ्ट दुरुस्त करणं नव्हे. ते मेकॅनिक करत. राज्यात कुठेही लिफ्ट अडकली आणि आतल्या माणसाने लाल बटण दाबलं की फोन इथे वाजायचा. इथल्या माणसाने मेकॅनिक पोहोचेपर्यंत आतल्या माणसाशी बोलत राहायचं. हे काम आधी यंत्राकडे दिलं होतं. यंत्र गोड बोलायचं, अचूक बोलायचं, पण अंधारात लटकलेल्या माणसाला आपण यंत्राशी बोलतोय हे कळलं की तो दारावर लाथा मारायचा. म्हणून पुन्हा माणसं ठेवली. दिवसभर हॉलमधून आवाज यायचे, "घाबरू नका काका, मी आहे ना. मूळचे कुठले तुम्ही? घरी कोण कोण असतं? आज भाजी काय होती?"

इतक्या जिव्हाळ्याने जगाची चौकशी करणारी माणसं एकमेकांना काही विचारत नसत, आणि याला कारण टोपी.

टोपी येण्याआधी नव्या माणसाचं स्वागत हेमलताबाई हाताने करत. त्याला टेबलाटेबलावर फिरवायच्या, नावं सांगायच्या, कोणता पंखा फक्त दिसायला आहे ते दाखवायच्या. दुपारी डबा. नव्या माणसाने पहिल्या दिवशी स्वतःचा डबा खायचा नाही, असा तिथला रिवाज होता. त्याचा डबा मधोमध उघडा ठेवायचा. त्यातलं बाकीचे घेणार, तो बाकीच्यांचं खाणार. घेता घेता लोक विचारायचे, हा मसाला कसला, याला तुमच्याकडे काय म्हणतात, म्हणजे तुम्ही कुठले. डबा रिकामा होईपर्यंत माणसाचं अर्धं चरित्र बाहेर आलेलं असायचं. हा रिवाज पाडला हेमलताबाईंनीच. कारण विचारलं तर एवढंच म्हणायच्या, पहिल्या दिवशी माणसाला एकटं जेवू देऊ नये.

तरी माणसं सोडून जायची. विभागीय व्यवस्थापक आदिनाथ कुलथे यांनी एकदा त्यांना केबिनमध्ये बोलावून विचारलं, "बच्छाव मॅडम, माणूस पहिल्या काही महिन्यांतच का जातो?"

"करमत नाही म्हणून."

"करमायला किती वेळ लागतो?"

"ते माणसावर आहे सर."

"तेच नकोय," कुलथे म्हणाले. पुढच्या महिन्यात टोपी आली.

टोपीमागचं शास्त्र अवघड नाही. आठवणीच्या नावाखाली मेंदूत दोन वेगळे धंदे चालतात. एक तपशिलाचा: हा कोण, कुठे भेटला, काय म्हणाला. दुसरा निव्वळ खुणेचा: हा चेहरा आपल्या माहितीतला आहे. रस्त्यात कोणीतरी हात करतं, आपणही करतो, आणि मग कोपऱ्यापर्यंत विचार करत जातो की हा होता कोण. तेव्हा दुसरा धंदा चालू असतो आणि पहिल्याचं शटर खाली. ही खूण देणारी एक चिंचोळी पट्टी कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूच्या खालच्या घडीत असते. कानाला ऐकू न येणाऱ्या बारीक ध्वनिलहरी कवटीतून नेमक्या त्या पट्टीवर एकवटल्या, आणि त्याच क्षणी डोळ्यांपुढे एक चेहरा व कानात त्याचा आवाज धरला, तर पट्टी फसते. या चेहऱ्यावर ती जुन्या ओळखीचा शिक्का मारून मोकळी होते. माणसाला नवीन काहीही कळलेलं नसतं. फक्त समोरचा परका वाटेनासा होतो.

हे यंत्र मुळात पोटच्या मुलांना परकं समजू लागलेल्या म्हाताऱ्यांसाठी केलेलं होतं. ते तिथून ऑफिसांत कसं आलं हे विचारण्यात अर्थ नाही. चांगल्या गोष्टी शेवटी ऑफिसांतच येतात. कंपनीने त्याचं नाव 'आत्मीय' ठेवलं होतं. कर्मचारी टोपी म्हणत, आणि हा शब्द व्यवस्थापनाला का आवडत नाही हे सगळ्यांना कळत होतं.

हेमलताबाईंना 'स्वागत अधिकारी' हे पद मिळालं आणि जुन्या स्टेशनरीच्या खोलीत एक खुर्ची. नवा माणूस त्या खुर्चीत बसायचा. समोरच्या पडद्यावर ऑफिसातले सगळे चेहरे नावासकट एकामागून एक यायचे. पहिला चेहरा हेमलताबाईंचा, कारण यंत्राला नेम धरायला एक चेहरा पुन्हा पुन्हा दाखवावा लागे आणि कंपनीला तो त्यांचा सोयीचा वाटला. त्यामुळे त्यांची खूण सगळ्यांत खोल बसायची. जुन्या लोकांनाही सोमवारी थोडा वेळ टोपी घालून नव्यांची ओळख करून देत. एकट्या हेमलताबाईंनी ती कधी घातली नाही. बटण कोणीतरी दाबायला हवं होतं.

टोपी यशस्वी झाली. माणसं जायची थांबली. डब्याचा रिवाज कोणी बंद केला नाही, तो नुसता विसरला गेला. टोपीच्या आधीचे लोक बदली होऊन गेले, निवृत्त झाले, आणि होताहोता असा दिवस आला की ऑफिसातल्या प्रत्येकाला हेमाताई जिवाभावाच्या वाटत होत्या आणि त्यांचं गाव एकालाही माहीत नव्हतं.

एका रविवारी दुपारी, आपल्या इमारतीच्या चांगल्या चालत्या लिफ्टमध्ये उभं राहून त्यांनी लाल बटण दाबलं. असं का केलं ते त्यांनी स्वतःलाही नीट सांगितलं नाही.

"नमस्कार, घाबरू नका, मी कौस्तुभ बोलतोय," वरच्या जाळीतून आवाज आला. "आत किती जण आहात?"

"एकटीच."

"अरे, हेमाताई. तू होय? मग काय काळजी नाही. पाठवतो मेकॅनिक, निवांत उभी राहा."

फोन बंद झाला. दार उघडेपर्यंत फोन ठेवायचा नाही असा कडक नियम होता, पण तो परक्यांसाठी. हेमलताबाई थोडा वेळ जाळीकडे बघत राहिल्या, मग खालच्या मजल्याचं बटण दाबून खाली आल्या. लिफ्ट उत्तम चालली.

ऋजुता धानोरकर आली ती चंद्रपूरकडच्या वरोऱ्याची. सडपातळ, कपाळाच्या कडेला केसांत लपलेला जुना व्रण. टोपी काढून उठली आणि म्हणाली, "थँक्यू मॅडम."

हेमलताबाईंनी मान वर केली. त्या खुर्चीतून उठून आजवर कोणी आभार मानले नव्हते. घरच्यांचे कोणी मानत नाही.

हॉलमध्ये कौस्तुभ ओरडला, "ए ऋजू, बस की इथे." पलीकडच्या टेबलावरच्या राजश्रीने येता-जाता तिची वेणी ओढली. ऋजुता सगळ्यांकडे बघून हसत होती. लग्नाच्या मांडवात चुकून शिरलेला माणूस यजमानांकडे बघून हसतो, तशी. दुपारी डबा घेऊन ती हेमलताबाईंच्या टेबलाशी आली. आख्ख्या ऑफिसात तिच्याकडे परक्यासारखं बघणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

"बसू का मॅडम?"

"बस ना."

तिने त्यांच्या डब्यात डोकावलं. "ही भाकरी अशी करडी कशाची आहे?"

"कळण्याची. ज्वारी आणि उडीद एकत्र दळतात."

"आमच्याकडे नाही होत. म्हणजे तुम्ही मूळच्या कुठच्या?"

हेमलताबाईंचा घास हातात राहिला. टोपी लागलेला माणूस हा प्रश्न विचारूच शकत नाही. हिला टोपी लागलेलीच नाही. व्रणाखाली हाड जाड झालं असणार. लहरी तिथून वळल्या असतील. पुस्तिकेत ही शक्यता दिली होती आणि उपायही दिला होता: टोपी उलटी घालून दुसऱ्या बाजूने द्यावी. हे त्यांनी त्याच क्षणी सांगायला हवं होतं.

"बागलाणातली," त्या म्हणाल्या. "सटाण्याच्या बाजूला."

पुढचे काही आठवडे हेमलताबाई दोन भाकऱ्या जास्त आणत. ऋजुता पातोडीचा रस्सा आणायची आणि तिखट झालाय का म्हणून त्यांच्या डोळ्यांकडे बघत बसायची. आणि विचारायची. वडील काय करायचे?

"टुरिंग टॉकीजमध्ये मशीन चालवायचे. जत्रांमधून तंबू लागायचा. आम्ही सगळे तंबूबरोबर."

"मग रोज फुकट पिक्चर?"

"फुकट म्हणजे पडद्याच्या मागून. पुढे तिकिटवाले. मागून चित्र उलटं दिसतं. मी बरीच वर्षं समजत होते की हिरो सगळे डावखुरे असतात."

ऋजुता इतकी हसली की राजश्रीने लांबून विचारलं, "काय झालं गं?" आणि उत्तराची वाट न बघता पुन्हा फोन घेतला.

"एकदा एक पोरगा तंबूची कनात उचलून आत शिरला," हेमलताबाई एका दुपारी म्हणाल्या. "बसला माझ्याशेजारी. माझ्या शेंगा खायला लागला. म्हणाला, हा हिरो डाव्या हाताने का जेवतो? म्हटलं, हिरो तसेच असतात. तो म्हणाला, खोटं. मी पुढून बघून येतो."

"आणि गेला?"

"गेला."

"परत आला का?"

जेवणाची वेळ संपली होती. कुठेतरी कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं. ऋजुताचा फोन वाजत होता. "पुढचं उद्या," हेमलताबाई म्हणाल्या. उद्यासाठी आपल्याकडे काहीतरी राखून ठेवलंय, ही चैन त्यांना फार दिवसांनी मिळाली होती.

दुसऱ्या दिवशी ऋजुता डबा न उघडता बसली.

"मॅडम, मी राजीनामा देऊन राहिले."

"का गं?"

"माझ्यातच काही कमी आहे. सगळे मला ऋजू ऋजू करतात. कौस्तुभ माझ्या डोक्यावर टपली मारतो. राजश्री परवा माझ्या गळ्यात पडून रडली, तिच्या भावाचं काहीतरी झालं होतं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि मनात म्हणून राहिले, बाई, तू कोण आहेस?" तिने डब्याची कडी उघडली, लावली. "रात्री खोलीवर जाते तर तिथेही कोणी नाही. आईला फोन केला तर आई म्हणते, इतकी चांगली माणसं भेटली, नशीबवान आहेस. तुम्ही सोडून मी इथं कोणालाच ओळखत नाही मॅडम. आणि एका माणसावर कोणी नोकरी करत नाही ना जी."

हेमलताबाईंनी हातातली भाकरी डब्यात ठेवली. गप्प राहिलं तर मुलगी घरी जाणार होती. बोललं तरी जाणार होती, फक्त जवळच्या जवळ, राजश्रीच्या टेबलापर्यंत.

"तुझ्यात कमी नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "तुला टोपी लागलीच नाही. कपाळाच्या हाडामुळे. उलटी घातली की लागेल."

ऋजुताने मान वर केली. "तुम्हाला कधी कळलं?"

"तू भाकरीचं विचारलंस तेव्हा."

ती रागावेल असं हेमलताबाईंना वाटलं होतं. ती रागावली नाही. डब्याच्या झाकणावर बोट फिरवत राहिली. तिला कारण कळलं असावं, आणि तसं कळलेलं दाखवलं नाही हे तिचं चांगलं वळण.

"मग सगळे ओळखीचे वाटतील?"

"सगळे."

"तुम्ही पण?"

"मी सगळ्यांत जास्त. पहिला चेहरा माझाच आहे."

"पण तुम्ही तर ओळखीच्याच आहात." तिने विचारलं, "आणि त्या पोराचं? पुढचं सांगाल ना?"

"सांगेन की."

जेवण झाल्यावर स्टेशनरीच्या खोलीत त्यांनी टोपी उलटी करून तिच्या डोक्यावर बसवली, पट्टा हनुवटीखाली सैल आहे ना ते पाहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर त्यांचाच चेहरा आला. फोटो बराच जुना होता, यजमानांनीच काढलेला.

दुसऱ्या दिवशी ऋजुता दारातूनच ओरडत आली. कौस्तुभला टपली परत केली. राजश्रीला विचारलं, जेवायला कुठे बसायचं. हेमलताबाईंच्या टेबलापाशी आली, त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकली आणि म्हणाली, "काय गं हेमाताई, घरी सगळे बरे ना?"

"बरे आहेत," हेमलताबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "आज दुपारी बसतेस? पुढचं सांगायचं राहिलंय."

"कसलं गं?"

"पडद्यामागचा पोरगा. तो गेला ना पुढून बघायला."

"अगं हो," ऋजुता लाडाने म्हणाली. "सांगायला कशाला हवं? मला काय तुझं नवीन आहे?"

आणि राजश्रीकडे गेली. ती सुखात होती, यात शंका नव्हती. तो पोरगा परत आला होता, आणि पुढे आयुष्यभर राहिला, हे हेमलताबाईंनी दुपारी भाकरीच्या तुकड्याबरोबर गिळून टाकलं.

शुक्रवारी टोपीतले चेहरे अद्ययावत करायचे असत. गेलेल्यांचे काढायचे, आलेल्यांचे घालायचे. ऋजुताच्या वेळीच आपला चेहरा काढला असता तर, असं त्यांना आदल्या दिवशी बसमध्ये सुचलं होतं, आणि आपला स्टॉप मागे गेला तरी त्या उतरल्या नव्हत्या. इतक्या वर्षांत कोणाचा चेहरा काढायचा याचा विचार करताना त्यांनी स्वतःचा कधी मोजलाच नव्हता. आता त्यांनी आपल्या फोटोवर बोट ठेवलं आणि तो काढला. यंत्राने हरकत घेतली. पहिली जागा रिकामी ठेवता येत नाही, नेम धरायला काहीतरी हवं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दारातून हॉलमधला पाण्याचा कूलर दिसत होता. त्यांनी त्याचा फोटो काढून पहिल्या जागी बसवला, आवाज म्हणून त्याची घरघर भरली, आणि घरी गेल्या.

सोमवारी त्यांनी ऋजुताला फोन केला. "मला दवाखान्यात उशीर होईल गं. नवा माणूस येतोय. टोपी तू लावतेस?"

तब्येतीला काय झालं, असं तिने विचारलं नाही. "हो गं," एवढंच म्हणाली.

दवाखान्यात त्यांचं काही नव्हतं. त्या बागेत एका बाकावर बसून राहिल्या आणि जेवणाच्या थोडं आधी, एका हातात डब्याची पिशवी आणि दुसऱ्या हातात पाण्याची बाटली घेऊन ऑफिसच्या दारात उभ्या राहिल्या. पाय आत पडेना. हे हास्यास्पद आहे हे त्यांना कळत होतं.

नवा माणूस उमाकांत पाथ्रीकर. पंचेचाळिशीचा, अर्धं टक्कल, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. आधी परभणीला शाळेत शिकवायचा. सकाळपासून तो घरच्यासारखा हॉलभर वावरत होता. बाटली भरायला आलेला पाथ्रीकर कूलरपाशी थांबला होता आणि जुन्या मित्राच्या खांद्यावर ठेवावा तसा त्याने कूलरवर हात ठेवला होता. तेवढ्यात त्याचं लक्ष दाराकडे गेलं.

त्याने हॉलभर नजर फिरवली. हा कौस्तुभ, ही राजश्री, ही ऋजू, सगळे आपले. आणि दारात एक बाई, जिला त्याने जन्मात पाहिलेलं नव्हतं, पिशवी छातीशी धरून.

तो लगबगीने पुढे आला. "या ना. आपण नवीन दिसता."

हेमलताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मागे ऋजुता फोनवर कोणालातरी विचारत होती, मूळचे कुठले तुम्ही काका.

"हो," त्या म्हणाल्या. "आजच आले."

"मग अशा दारात काय उभ्या? द्या ती पिशवी. घाबरू नका, इथले लोक फार चांगले आहेत. मी ओळखतो सगळ्यांना." त्याने त्यांना टेबलांमधून नेलं. हा कौस्तुभ, जरा थट्टेखोर आहे. ही राजश्री, मनाने हळवी. कौस्तुभने हेडफोनमधूनच हात केला. "तो पंखा लावू नका, नुसता दिसायला आहे," पाथ्रीकर म्हणाला. हे त्याला सकाळीच कळलं होतं. "आणि ही खुर्ची रिकामी दिसतेय. इथे बसा. उजेड चांगला आहे."

हेमलताबाई आपल्या खुर्चीत बसल्या. उजेड खरंच चांगला होता.

पाथ्रीकरने दुसरी खुर्ची ओढली, डबा उघडला, मग हेमलताबाईंच्या डब्यात डोकावून म्हणाला, "ही भाकरी कसली म्हणायची? मी पाहिली नाही कधी. तुम्ही मूळच्या कुठल्या?"

हेमलताबाईंनी भाकरीचे दोन तुकडे केले आणि एक पाथ्रीकरच्या डब्यात ठेवला. 

"सांगते," त्या म्हणाल्या. "पण मोठं आहे. तुम्हाला तिकडे सगळ्यांबरोबर बसायचं असेल."

पाथ्रीकरने तिकडे पाहिलं. तिकडे सगळे एकमेकांच्या डब्यांत न बघता, गप्पा न मारता, सुखाने जेवत होते.

"असू दे," तो म्हणाला आणि खुर्ची आणखी पुढे घेतली. "पहिल्या दिवशी माणसाला एकटं जेवू देऊ नये."